कपाळावरच्या सुरकुत्यांच्या इंजेक्शननंतर भुवया खाली आल्या आहेत. ‘टच-अप’ घ्यावा का?

प्रश्न: विशेष शिक्षिका, पाचपाखाडी, ठाणे

नमस्कार. माझे वय ४९ असून गेली २२ वर्षे मी ठाण्यातील एका शाळेत कर्णबधिर मुलांना शिकवते. १९ दिवसांपूर्वी मी एका क्लिनिकमध्ये कपाळावरच्या आडव्या सुरकुत्यांसाठी इंजेक्शने घेतली. सगळे ज्याला बोटॉक्स म्हणतात तेच ते औषध, परंतु ते कोणत्या कंपनीचे होते हे मला सांगितले गेले नाही आणि मीही विचारले नाही. कपाळावर सात ठिकाणी टोचले. बिलावर ‘कपाळ, २४ युनिट’ एवढाच उल्लेख आहे. दोन भुवयांच्या मध्ये, जिथे उभ्या आठ्या पडतात तिथे, काही दिले नाही.

पहिले तीन दिवस थोडी डोकेदुखी सोडली तर काही जाणवले नाही. चौथ्या दिवशी सकाळी कपाळावर कोणीतरी ओला पंचा ठेवला आहे असे जड वाटू लागले आणि आठवड्याभरात दोन्ही भुवया स्पष्टपणे खाली आल्या. पापणीवरची सैल कातडी आता पापण्यांच्या केसांना टेकते. स्कूटरवरून तीन हात नाक्याला पोहोचले की सिग्नल पाहण्यासाठी मला हनुवटी वर करावी लागते, आणि संध्याकाळपर्यंत मान भरून येते. एवढे असूनही कपाळ मात्र अगदी गुळगुळीत दिसते आणि लोक त्याचे कौतुक करतात, हे मला सहन होत नाही.

खरी अडचण वर्गात आहे. सांकेतिक भाषा केवळ हातांची असते असे अनेकांना वाटते, पण तसे नाही. ‘तू डबा खाल्लास’ आणि ‘तू डबा खाल्लास का?’ या दोन वाक्यांत हातांच्या खुणा त्याच राहू शकतात. भुवया वर गेल्या आणि डोळे विस्फारले की मुलांना कळते की बाई विचारत आहेत. माझ्या भुवया आता वर जातच नाहीत. गेल्या दोन आठवड्यांत मी विचारलेले प्रश्न मुलांना विधाने वाटली आहेत, आणि तिसरीतल्या एका मुलीने दोन वेळा मला विचारले की मी तिच्यावर रागावले आहे का. मी हे इंजेक्शन का घेतले याचे उत्तर मी स्वतःला अनेकदा देऊन पाहिले आहे. ‘थकल्यासारख्या दिसता’ हे वाक्य वर्षभर ऐकल्यावर मला ते थांबवायचे होते, इतकेच.

क्लिनिकमध्ये फोन केला तेव्हा हे सामान्य आहे असे सांगण्यात आले. उजव्या भुवईचे बाहेरचे टोक थोडे उचललेले दिसते, म्हणून तेथे दोन थेंबांचा ‘टच-अप’ मोफत करून देऊ, रविवारी या, असे ते म्हणाले. मी तो घ्यावा का? हा परिणाम कायमचा तर नाही ना? आणि या औषधाचा असर उतरवणारे एखादे इंजेक्शन असते का? शाळेतील एका सहकारी बाईंनी असे इंजेक्शन असल्याचे ऐकले आहे.

उत्तर: त्वचारोगतज्ज्ञ, नौपाडा

ताई, आधी शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे देतो. हा परिणाम कायमचा नाही. आणि असर उतरवणारे इंजेक्शन नाही. आपल्या सहकारी बाईंनी ज्याविषयी ऐकले आहे ते हायल्युरोनिडेझ असावे. ते फिलर विरघळवते, म्हणजे ओठ किंवा गाल भरण्यासाठी जे हायल्युरोनिक आम्लाचे जेल टोचतात ते. आपल्याला दिलेले औषध जेल नाही, त्यामुळे विरघळवण्यासारखे तेथे काही नाही. कोणी आपल्याला ते देऊ केले तर कृपया घेऊ नका.

बोट्युलिनम टॉक्सिन हे औषध चेतातंतूच्या टोकापाशी काम करते. चेतातंतू स्नायूला ‘आकुंचन पाव’ असा निरोप ॲसिटिलकोलीन या रसायनाद्वारे देतो. ते रसायन बाहेर पडण्यासाठी लागणारे एक प्रथिन हे औषध तोडते, आणि निरोप मध्येच अडतो. स्नायूला इजा होत नाही. काही आठवड्यांत चेतातंतूच्या टोकाला नवे अंकुर फुटतात, नंतर मूळचा जोडही पूर्ववत काम करू लागतो, आणि साधारण तीन ते चार महिन्यांत शक्ती परत येते. ही गती वाढवण्याचा खात्रीचा उपाय आज कोणाकडेही नाही. मालिश, वाफ, गरम शेक यांनी औषध ‘निघून जाते’ असे सांगणारे भेटतील. त्यांवर वेळ आणि पैसा घालवू नका.

आता मूळ गोष्ट. भुवई वर उचलणारा स्नायू एकच आहे, तो म्हणजे कपाळाचा फ्रंटॅलिस. भुवई खाली ओढणारे स्नायू मात्र अनेक आहेत: दोन भुवयांच्या मधले, आणि डोळ्याभोवती गोल फिरणारा. आपल्या बाबतीत उचलणारा एकटा स्नायू दुबळा केला गेला आणि खाली ओढणाऱ्यांना हातही लावला गेला नाही, म्हणून खालची ओढ जिंकली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये कपाळाच्या आडव्या रेषांसाठी या औषधाला मान्यता दिली ती याच कारणाने कपाळ आणि भुवयांमधला भाग एकत्र करण्याच्या सूचनेसह दिली. त्यात कपाळाला पाच जागी मिळून २० युनिट आणि भुवयांमध्ये २० युनिट असे प्रमाण आहे. आपल्याकडे अनेक डॉक्टर कपाळाला याहून कमी देतात, आणि पंचेचाळिशीपुढील व्यक्तीला तर मी स्वतः बरेच कमी देतो, भुवईपासून किमान दोन सेंटिमीटर वर राहून.

आपल्याबाबत एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. वयानुसार वरची पापणी थोडी सैल होते तेव्हा दृष्टी मोकळी राहावी म्हणून माणूस नकळत दिवसभर भुवया उचलून धरतो. त्यातच आपण २२ वर्षे भुवयांनी प्रश्न विचारत आला आहात. आपल्या कपाळावरच्या रेषा म्हणजे त्या स्नायूच्या रोजच्या कामाच्या खुणा होत्या. इंजेक्शनपूर्वी ही तपासणी करायला एक मिनिट पुरते: रुग्णाला डोळे मिटून कपाळ सैल सोडायला सांगायचे, भुवयांवर बोट हलकेच ठेवून त्या जागीच धरायच्या आणि मग डोळे उघडायला सांगायचे. डोळे पुरते उघडले नाहीत, तर हे कपाळ पापणीचा भार वाहते आहे हे ओळखावे आणि एक तर औषध अगदी थोडे द्यावे किंवा देऊच नये. ही तपासणी आपली झाली नसावी, असे आपल्या वर्णनावरून वाटते. आपला व्यवसाय काय, हा प्रश्नही विचारला जायला हवा होता.

टच-अपविषयी माझे मत स्पष्ट आहे: रविवारी जाऊ नका. भुवईचे बाहेरचे टोक वर उचलले जाते, कारण कपाळाचा मधला भाग थंडावतो आणि बाजूचा थोडा भाग जागा राहतो. एरवी तेथे एक-दोन युनिट देऊन भुवई समतोल करणे ही रास्त पद्धत आहे. पण आपल्या कपाळाचा जो थोडा भाग अजून काम करतो आहे तो नेमका तेवढाच आहे. तोही झोपवला तर भुवई समतोल होईल, आणि आणखी खाली येईल.

उत्तर: वाचक, खारघर

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण धीर मिळावा म्हणून लिहिते. तीन वर्षांपूर्वी मी फक्त भुवयांमधल्या आठ्यांसाठी इंजेक्शन घेतले होते. सहाव्या दिवशी डावी पापणी अर्धी मिटली. भुवई जागच्या जागी होती, पापणीच खाली आली होती. वाशी स्थानकात ओळखीच्या बाई भेटल्या आणि त्यांनी अर्धांगाचा झटका आला का असे घाबरून विचारले, तेव्हा मी घरी येऊन रडले. पुढचे काही दिवस मी कार्यालयात काळा चष्मा लावून बसत होते.

नेत्रतज्ज्ञांनी तपासून डोळ्यात घालायचे थेंब दिले. थेंब घातल्यावर काही तास पापणी थोडी वर राही, पूर्ण नाही. महत्त्वाच्या बैठकीपूर्वी मी ते घालत असे. पाचव्या आठवड्यात पापणी पूर्ववत झाली. इंजेक्शन घेतले त्याच दुपारी मी पालथे झोपून पाठीचे मालिश करून घेतले होते. त्यामुळेच असे झाले का, असे मी डॉक्टरांना विचारले. तसे ठामपणे सांगता येत नाही, पण त्या दिवशी ते टाळायला हवे होते, असे ते म्हणाले.

मी पुढच्या वर्षी पुन्हा इंजेक्शन घेतले, दुसऱ्या डॉक्टरांकडे आणि कमी मात्रेत, आणि काही त्रास झाला नाही. म्हणून मी हे औषध वाईट आहे असे म्हणणार नाही. पण ताई, तुमच्या जागी मी असते आणि माझे कामच भुवयांवर चालत असते, तर मी पुन्हा घेतले नसते.

उत्तर: नेत्रतज्ज्ञ, वाशी

खारघरच्या वाचकांनी केलेला फरक नेमका आहे. भुवई खाली येणे आणि पापणी खाली येणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. आरशासमोर उभे राहून समोर पाहा आणि बोटाने भुवई तिच्या जुन्या जागी हलकेच उचलून धरा. कातडीची घडी वर गेली आणि डोळा पूर्वीसारखा दिसला, तर दोष भुवईचा आहे. भुवई उचलूनही पापणीची कडा बाहुलीवर येत असेल, तर औषध डोळ्याच्या खोबणीत उतरून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोहोचले आहे.

थेंबांचा उपयोग केवळ दुसऱ्या प्रकारात होतो. पापणीत म्यूलरचा स्नायू नावाचा एक छोटा स्नायू असतो, ज्यावर या औषधाचा परिणाम झालेला नसतो. डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी वापरले जाणारे ॲप्राक्लोनिडीनचे थेंब त्याला उत्तेजित करतात आणि पापणी एक ते दोन मिलिमीटर वर जाते. भुवई खाली आली असेल तर त्यांनी काही साधत नाही. हे थेंब स्वतःच्या मनाने दुकानातून आणू नयेत, विशेषतः रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधे चालू असतील तर.

हे औषध मुळात आमच्याच शाखेतून पुढे आले. अमेरिकेत त्याला पहिली मान्यता १९८९ मध्ये तिरळेपणा आणि पापण्यांची अनैच्छिक उघडझाप यांसाठी मिळाली. भुवयांमधल्या आठ्यांसाठीची मान्यता त्यानंतर १३ वर्षांनी, २००२ मध्ये आली. त्यामुळे पापणी उतरणे हा प्रकार नेत्रतज्ज्ञांना फार पूर्वीपासून परिचित आहे, आणि तो कालांतराने बरा होतो हेही आम्ही पाहिले आहे.

तरीही आपण एकदा डोळे तपासून घ्यावेत असा माझा आग्रह आहे. इंजेक्शननंतर पापणी उतरली म्हणजे कारण इंजेक्शनच, असे गृहीत धरू नये. एकाच बाजूची पापणी अचानक उतरली, दोन बाहुल्यांचा आकार वेगळा दिसू लागला आणि तीव्र डोकेदुखी असेल, तर तो मेंदूशी संबंधित आजार असू शकतो आणि त्याच दिवशी रुग्णालयात जायला हवे. सकाळी बरे वाटते आणि संध्याकाळी पापण्या मिटू लागतात, जिना चढताना दम लागण्याऐवजी पायच थकतात, असे होत असेल तर मायस्थेनिया ग्रॅव्हिसचा, म्हणजे चेतातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नीट न पोहोचल्याने स्नायू लवकर थकण्याच्या आजाराचा, विचार करावा लागतो. या आजाराच्या व्यक्तींना हे इंजेक्शन सहसा दिले जात नाही, आणि कधी कधी आजार आधी लक्षात आलेला नसतो व इंजेक्शननंतर उघड होतो. आपली मान संध्याकाळी भरून येते असे आपण लिहिले आहे. ते हनुवटी वर धरल्यामुळेच असण्याची शक्यता अधिक आहे, पण तपासल्याशिवाय तसे म्हणणे मला योग्य वाटत नाही.

गिळताना अडचण, आवाज बदलणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, श्वास अपुरा पडणे यांपैकी काहीही जाणवले तर उत्तरांची वाट पाहत बसू नका, तातडीच्या विभागात जा. औषध दूरवर पसरून अशी लक्षणे काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत कधीही दिसू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेत २००९ पासून या औषधांच्या माहितीपत्रकावर छापला जातो. कपाळाच्या मात्रेत हे फारच दुर्मीळ आहे.

प्रश्नकर्त्या: विशेष शिक्षिका, पाचपाखाडी

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभारी आहे. आरशासमोर पाहिले: भुवई उचलली की डोळा पूर्वीसारखा दिसतो. दोन वस्तू दिसणे, गिळण्याचा त्रास वगैरे काही नाही. नेत्रतज्ज्ञांची वेळ शुक्रवारची घेतली आहे. रविवारी येणार नाही असे क्लिनिकला कळवले आणि औषधाचे नाव व बॅच क्रमांक मागितला. ‘नोंद पाहून सांगतो’ असे उत्तर मिळाले. हा क्रमांक आता मागून काही उपयोग आहे का?

उत्तर: औषधनिर्माता, नेरुळ

उपयोग आहे, आणि तो मिळेपर्यंत लेखी मागत राहा. ही कुपी भुकटीच्या रूपात येते, साधारणपणे ५० किंवा १०० युनिटची. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते आणि वापरण्यापूर्वी तिच्यात सलाईन मिसळायचे असते. किती सलाईन मिसळले यावर एका थेंबात किती युनिट येतात हे ठरते, आणि फार पातळ केले तर औषध अधिक दूर पसरू शकते. म्हणून ‘दोन थेंब’ या शब्दांना काहीच अर्थ नाही. युनिट सांगायला हवेत. आणि नुसते ‘२४ युनिट’ म्हटल्यानेही भागत नाही, कारण एका कंपनीचे एक युनिट दुसऱ्या कंपनीच्या एका युनिटाएवढे नसते. काही उत्पादनांत हा फरक अडीच-तीन पटींचा आहे. औषधाचे नाव नसलेले आपले बिल पुढच्या कोणत्याही डॉक्टरला फारसे काही सांगू शकत नाही.

बनावट मालाचा प्रश्नही आहेच. २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट इंजेक्शनांमुळे लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते. आपल्या बाबतीत तसे झाले आहे असे मी म्हणत नाही. आपली लक्षणे खऱ्या औषधानेही होतात. पण कुपी रुग्णासमोर उघडावी, नाव, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख दाखवावी, आणि ती रुग्णाच्या कागदावर लिहावी, ही मागणी जादा नाही. माझ्या दुकानातून तापाची गोळी घेणारालाही बिलावर बॅच क्रमांक मिळतो.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्ण स्वतः करू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. भारतीय औषधसतर्कता कार्यक्रम त्यासाठीच आहे. त्याचा निःशुल्क दूरध्वनी १८००-१८०-३०२४ हा आहे. नोंद करण्यासाठी डॉक्टरची चूक सिद्ध करावी लागत नाही. काय दिले, केव्हा दिले आणि नंतर काय झाले, एवढेच सांगायचे असते. ही तक्रार नव्हे, नोंद आहे, हे क्लिनिकलाही सांगा. मग कदाचित क्रमांक लवकर मिळेल.

उत्तर: त्वचारोगतज्ज्ञ, नौपाडा

एक भर घालतो. शुक्रवारच्या तपासणीत पापणी निर्दोष ठरली आणि भार असह्य वाटत असेल, तर अनुभवी डॉक्टर भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, तिला खाली ओढणाऱ्या स्नायूत, अगदी थोडे औषध देऊन भुवई किंचित मोकळी करू शकतात. क्लिनिकने सुचवलेला टच-अप भुवईच्या वर होता, हा तिच्या खाली आहे. ऐकायला सारखे वाटते, परिणाम उलटा असतो. तरीही आपल्याला मी तो सुचवणार नाही. चौथा आठवडा येतो आहे, आणि परिणामाचा सर्वांत जोरदार काळ, म्हणजे दुसऱ्या आठवड्याच्या आसपासचा, मागे पडला आहे.

या काळात दोन गोष्टी सांभाळा. स्कूटर चालवताना वरचे दिसत नसेल तर काही आठवडे ती चालवू नका. रिक्षाने किंवा बसने जा. आणि दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी प्रतिजैविक लिहून दिले जात असेल तर हे इंजेक्शन घेतल्याचे आवर्जून सांगा, कारण जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी औषधे स्नायूंवरचा हा परिणाम वाढवू शकतात.

प्रश्नकर्त्या: विशेष शिक्षिका, पाचपाखाडी

आज बारावा आठवडा पूर्ण झाला, म्हणून पुन्हा लिहिते आहे. नेत्रतज्ज्ञांनी पापणीचा स्नायू निर्दोष असल्याचे सांगितले. माझ्या दोन्ही पापण्यांवर सैल कातडी आधीपासूनच होती आणि कपाळ तिला सांभाळून होते, हेही त्यांनी तपासून दाखवले. म्हणजे येथे जे लिहिले गेले होते तेच निघाले. बॅच क्रमांक दोन ई-मेल आणि एका प्रत्यक्ष भेटीनंतर मिळाला आणि मी नोंद केली.

सहाव्या आठवड्यापर्यंत फरक जाणवला नाही आणि त्या काळात मी फार निराश होते. वर्गात मी मुलांना सरळ सांगून टाकले की बाईंच्या कपाळाला औषध दिले आहे, ते काही दिवस झोपले आहे, म्हणून प्रश्न विचारताना मी डोके पुढे झुकवेन आणि शेवटी प्रश्नाची खूण वेगळी करेन. मुलांनी ते दोन दिवसांत स्वीकारले. हे मी पहिल्याच आठवड्यात सांगायला हवे होते. त्या मुलीने दोन वेळा विचारेपर्यंत मी गप्प राहिले, याचे मला वाईट वाटते.

नवव्या आठवड्यात उजवी भुवई आणि दहाव्यात डावी हलू लागली. आता दोन्ही जवळपास पूर्वीएवढ्या वर जातात, आडव्या रेषा परत दिसू लागल्या आहेत, आणि सोमवारपासून मी पुन्हा स्कूटरने शाळेत जाते. क्लिनिकमधून ‘पुढच्या सत्राची वेळ झाली आहे’ असा संदेश आला होता. मी त्यांना नकार कळवला आणि माझ्या नोंदीत ‘कपाळाला देऊ नये’ असे लिहून ठेवण्याची विनंती केली.